मुंबईचे गोरे साधू : जॉर्ज बोवेन

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी प्रत्येकीने चार ओळी तरी लिहून द्याव्यात, असे सचिवबाईंनी सांगितले तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. आई अंथरुणाला खिळली, धाकट्या भावंडांना बघायला घरात कोणी नव्हते, म्हणून शाळा सुटली ती कायमची. पाककृती लिहावी तर नाचणीच्या पदार्थांवर वहिनींनी आधीच लिहून दिले होते. मग आपल्या मुंबईच्या सहलीची आठवण झाली आणि तेथे पाहिलेल्या एका नावाचा शोध घ्यावा असे मनात आले.

तुम्हाला आठवत असेल, पहाटेची लोकल धरून आपण सगळ्या बोरीबंदरला उतरलो आणि तेथून गेटवे ऑफ इंडियाला गेलो. घारापुरीची लाँच सुटायला अवकाश होता. उन्हापासून आडोसा म्हणून आपण मागच्या गल्लीत शिरलो. तेथे एक प्रार्थनामंदिर दिसले. समोर समुद्रावर गेटवे आणि शेजारी ताजमहाल हॉटेल, या दोन बड्यांच्या सावलीत ते सहज नजरेतून सुटावे असे. पाटीवर बोवेन मेमोरियल मेथॉडिस्ट चर्च असे नाव होते. हा बोवेन कोण, असे मावशींनी विचारले आणि आपल्यापैकी एकीलाही ते सांगता आले नाही. लाँचची वेळ झाली म्हणून आपण निघालो, पण तो प्रश्न माझ्याबरोबर घरी आला. माझी धाकटी कॉलेजात शिकते. तिने पुस्तकांतून माहिती शोधून रोज रात्री भांडी आवरल्यावर मला समजावून सांगितली. तीच माझ्या शब्दांत पुढे लिहीत आहे. आपला त्यांचा धर्म वेगळा. परंतु चांगल्या माणसाची गोष्ट ऐकायला धर्माची आडकाठी नसावी.

जॉर्ज बोवेन यांचा जन्म 30 एप्रिल 1816 रोजी अमेरिकेतील व्हरमाँट प्रांतात मिडलबरी या गावी झाला. वडील व्यापारी होते आणि पुढे न्यूयॉर्क शहरात त्यांचा चांगला जम बसला. मुलाने आपला धंदा चालवावा ही त्यांची इच्छा. म्हणून बाराव्या वर्षीच जॉर्जची शाळा सोडवून त्याला पेढीवर बसवले. हे ऐकले तेव्हा मला या परक्या माणसाबद्दल एकदम आपलेपणा वाटला. शाळा अर्धवट सुटल्याचे दुःख ज्याने भोगले त्यालाच कळते. मात्र जॉर्जने शिकणे सोडले नाही. हिशेबाच्या वह्यांतून डोके वर काढून तो एकेक परकी भाषा शिकत गेला. फ्रेंच, जर्मन, इटालियन अशा भाषा त्याने आपल्या आपण आत्मसात केल्या. पियानो उत्तम वाजवू लागला. संगीत, नाटके आणि पुस्तके हेच त्याचे जग झाले. पुढे त्याने पेढीला रामराम ठोकला, युरोपात तीनचार वर्षे प्रवास केला आणि पूर्वेकडचे काही देशही पाहिले.

एक गोष्ट येथे मुद्दाम सांगितली पाहिजे. या काळात जॉर्ज पक्का नास्तिक होता. देव आहे असे त्याला वाटत नसे आणि धर्माच्या पुस्तकांकडे तो ढुंकूनही पाहत नसे. ज्या माणसाचे नाव आज प्रार्थनामंदिराला दिले आहे, तो वयाच्या सत्ताविसाव्या वर्षापर्यंत प्रार्थनेची चेष्टा करणारा होता!

त्याला बदलले ते एका मुलीच्या मरणाने. तिचे नाव एम्मा मॉरिस. दोघांचे एकमेकांवर प्रेम होते. पण तिला क्षयाने गाठले. त्या काळी क्षयावर औषध नव्हते. ती श्रद्धाळू होती. 1844 च्या जानेवारीत ती वारली. जाताना तिने आपले बायबल जॉर्जसाठी ठेवले आणि त्याने ते रोज वाचावे एवढेच मागणे मागितले. त्याचा विश्वास नव्हता, तरी तिला दिलेला शब्द म्हणून तो रोज वाचू लागला. वाचूनही मन मानेना. एके रात्री त्याने अंधारात हाक मारावी तशी प्रार्थना केली. कोणी ऐकणारा असेल तर त्याने आपली इच्छा मला कळवावी, मी ती पाळीन, असा तिचा आशय होता. काही दिवसांनी वाचनालयातून आणलेले पुस्तक पाहतो तर ते चुकून दुसरेच आलेले. ख्रिस्ती धर्माच्या पुराव्यांवर पेली नावाच्या इंग्रज पंडिताने लिहिलेला तो ग्रंथ होता. परत करायला निघालेल्या जॉर्जने सहज पाने चाळली आणि वाचतच राहिला. वर्ष संपायच्या आत तो श्रद्धावान झाला आणि धर्मशिक्षणासाठी न्यूयॉर्कच्या विद्यालयात दाखलही झाला. ज्याला वडिलांची पेढी बांधून ठेवू शकली नाही, त्याला एका मरणाऱ्या मुलीच्या शब्दाने बांधून ठेवले, आणि तेही जन्मभर. त्यांनी लग्न केले नाही.

अभ्यास पुरा झाल्यावर 1847 च्या जुलैअखेर ते बोस्टन बंदरातून जहाजात बसले आणि 19 जानेवारी 1848 रोजी मुंबईला उतरले. सुएझचा कालवा तेव्हा झालेला नव्हता. आफ्रिकेला वळसा घालून येण्यात जवळजवळ सहा महिने मोडले. अमेरिकेची मराठी मिशन मुंबईत 1813 पासून होती. याच मिशनने 1824 साली मुंबईत मुलींची शाळा काढली होती. मिस फरार या तिच्याच बाई; त्यांची अहमदनगरची मुलींची शाळा पाहून जोतिराव फुल्यांच्या मनाने उचल खाल्ली. बोवेन मुंबईला उतरले त्याच 1848 साली पुण्याला जोतिराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा सुरू केली. आपल्या मुलींच्या दृष्टीने ते वर्ष सोन्याचे म्हटले पाहिजे.

बोवेन आल्याबरोबर मराठी शिकू लागले आणि लवकरच रस्त्यावर उभे राहून मराठीत बोलू लागले. परंतु त्यांच्या मनाला एक गोष्ट टोचत होती. मिशनरी साहेब बंगल्यात राहणार, गाडीतून येणार, नोकर बाळगणार, आणि गरिबांना त्यागाचा उपदेश करणार! लोकांना वाटे, हा पगारासाठी बोलतो. त्यात लोकांची काय चूक? म्हणून मुंबईत येऊन जेमतेम वर्ष झाले असेल नसेल तोच, 1849 साली त्यांनी पगार घेणे बंद केले आणि बंगला सोडून गोरगरिबांच्या वस्तीत एका लहानशा जागेत ते राहायला गेले. पोटापुरते मिळावे म्हणून ते एका मुलाला शिकवीत. पुढे एका पुस्तकसंस्थेचे काम त्यांच्याकडे आले तेव्हा तिच्या पुस्तकभांडाराच्या जागेतच त्यांनी मुक्काम हलवला. जेवण साधे, कपडे साधे, आणि जवळ उरेल ते दुसऱ्याचे. गोऱ्या लोकांनाही हे विचित्र वाटले. साहेबाने साहेबासारखे राहावे असा तेव्हाचा शिरस्ता होता. पण हळूहळू लोक त्यांना मुंबईचे गोरे साधू म्हणू लागले.

भगिनींनो, येथे मला थोडे थांबावेसे वाटते. काटकसर आपल्याला नवीन नाही. डबा रिकामा असला की काटकसर आपोआप होते, त्यात मोठेपणा कसला? पण भरलेला डबा समोर असताना झाकण लावून उठणे फार थोड्यांना जमते. बोवेन यांना पगार मिळत होता आणि परत जायला पैसेवाल्याचे घर होते. तरी त्यांनी चाळीस वर्षे त्या झाकणाला हात लावला नाही.

आता त्यांच्या आयुष्यातील एक असा प्रसंग सांगते, ज्यात आपल्या रायगड जिल्ह्याचाही माणूस आहे. माणगाव तालुक्यातील शिरवली गावचे विष्णु भिकाजी गोखले, म्हणजेच विष्णुबुवा ब्रह्मचारी. जन्म 1825 चा. लहानपणीच वडील गेले. महाडला दुकानात नोकरी केली, पुढे सरकारी जकातीच्या कामावर लागले, ती नोकरी सोडून सप्तशृंगीच्या डोंगरावर तपाला बसले आणि मग वेदधर्माचा प्रचार करीत मुंबईला आले. मिशनऱ्यांना भर सभेत उत्तर देणारा आपला माणूस आला म्हणून लोकांची झुंबड उडाली. 1857 च्या जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर वाळूत वादसभा भरत. एका बाजूला विष्णुबुवा आणि दुसऱ्या बाजूला बोवेन व इतर मिशनरी. कोणाचा देव खरा, पापाची क्षमा कशी होते, वेद मोठे की बायबल, यांवर मराठीतून सवाल-जबाब चालत आणि शेकडो माणसे वाळूत उभी राहून ऐकत.

बोवेन यांनी आपल्या देवधर्मावर टीका केली हे खरेच आहे, आणि ती मला पटणारी नाही. आपण कार्तिकीला काकडा करतो, चैत्रात हळदीकुंकू करतो, त्यात आपल्याला जे सापडते ते त्यांना दिसले नाही. लोक त्यांच्यावर चिडत, हुर्यो उडवीत. परंतु ते वादाला बसले ते सरळपणे, समोरासमोर, आपल्या भाषेत. त्याच वर्षी त्यांनी या वादसभांचे इंग्रजी पुस्तक काढले. पुढे विष्णुबुवांच्या बाजूनेही मराठीत पुस्तक निघाले. म्हणून त्या वाळूवरचे बोलणे आज आपल्याला कळते. माणगावचा एक निर्धन ब्रह्मचारी आणि न्यूयॉर्कच्या पेढीवरून उठून आलेला दुसरा निर्धन ब्रह्मचारी, दोघेही आपल्या मताला प्राणापलीकडे जपणारे. मते उलट होती, पण जात एकच होती, असे मला तरी वाटते.

बोवेन यांचे दुसरे मोठे काम म्हणजे त्यांचे साप्ताहिक. बॉम्बे गार्डियन नावाचे इंग्रजी पत्र 1851 साली निघाले होते. थोड्याच वर्षांत ते बोवेन यांच्या हाती आले आणि पुढे त्यांच्या अखेरपर्यंत त्यांच्या लेखणीने चालले. दर आठवड्याला लेख लिहायचा, मजकूर जुळवायचा आणि अंक काढायचा. रोज एक याप्रमाणे वर्षभर वाचावीत अशी त्यांची चिंतने पुस्तकरूपाने निघाली आणि दूरदूरच्या देशांत वाचली गेली.

मुंबई तर त्यांच्या डोळ्यांदेखत बदलत होती. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी धावली. 1856 साली रूळ आपल्या पळसदरीपर्यंत आले. मग बोरघाट फोडायला हजारो मजूर लागले. पटकीच्या साथीत किती तरी मेले, आणि 1863 साली घाट खुला झाला. आपल्या ठाकुरवाडीच्या अंगाने आज गाड्या धडधडत जातात तो हा घाट. इतक्यात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, आणि आपल्या कापसाला सोन्याचे मोल आले. मुंबईत पैशाचा पूर आला. जो तो शेअर घेऊ लागला. 1865 साली युद्ध संपले, भाव कोसळले आणि मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. पूर आला तेव्हा आणि ओसरला तेव्हाही बोवेन यांच्या राहणीत काडीचा फरक पडला नाही. ज्याच्याकडे बुडण्यासारखे काही नाही, त्याला पुराचे भय काय?

आता पाटीवरच्या मेथॉडिस्ट या शब्दाचे सांगते. जॉन वेस्ली नावाचे एक धर्मगुरू इंग्लंडात 1703 ते 1791 या काळात होऊन गेले. त्यांच्या आई सुझाना यांना एकोणीस मुले झाली, त्यांतली बरीच लहानपणीच गेली. उरलेल्यांना त्या माउलीने घरीच शिकवले आणि आठवड्यातली एकेक संध्याकाळ एकेका मुलासाठी वेगळी राखून ठेवली. ऑक्सफर्डला शिकत असताना वेस्ली व त्यांचे सोबती ठरल्या वेळी उठत, ठरल्या वेळी प्रार्थना करीत, ठरल्या दिवशी कैद्यांना भेटत. म्हणून इतर विद्यार्थी त्यांना मेथॉडिस्ट म्हणून चिडवीत. आपल्या भाषेत म्हणायचे तर नेमवाले! चिडवण्याचे नाव पुढे मानाचे झाले. देवळाची दारे बंद झाली तेव्हा वेस्लींनी 1739 पासून उघड्या माळावर खाणकामगारांना उपदेश केला आणि घोड्यावरून हजारो मैल हिंडले. लंडनच्या सिटी रोडवर 1778 साली त्यांनी उघडलेले प्रार्थनामंदिर आजही उभे आहे.

याच पंथाचे विल्यम टेलर नावाचे अमेरिकन उपदेशक नोव्हेंबर 1871 मध्ये मुंबईला आले. सोन्याच्या खाणींसाठी लोक कॅलिफोर्नियात लोटले होते त्या वेळी सॅनफ्रान्सिस्कोच्या रस्त्यावर पिंपावर उभे राहून उपदेश करणारे हे गृहस्थ. मुंबईत त्यांनी मोठी इमारत मागितली नाही. लोकांच्या घरीच, दिवाणखान्यात लहान लहान मंडळ्या भरवल्या. परदेशातून पैसा आणायचा नाही, येथील सभासदांनीच आपला खर्च चालवायचा, असा त्यांचा दंडक होता. पगार नाकारून बसलेल्या बोवेन यांना हे पटले नसते तरच नवल! त्यांनी टेलर यांना मनापासून साथ दिली आणि ते मेथॉडिस्ट मंडळीत दाखल झाले. 1872 साली टेलर पुण्याकडे गेले ते आपल्याच घाटातून. पुढे टेलर कलकत्त्याला गेले. बोवेन मुंबईतच राहिले आणि या बाजूच्या मंडळ्यांची देखरेख त्यांनी केली. एक येऊन पेटवून गेला आणि दुसऱ्याने बसून विस्तव राखला. चुलीपुढे बसणाऱ्या आपल्याला दुसऱ्या कामाची किंमत कळते.

इतके करून बोवेन यांच्या हाती काय लागले? हिशेबाने पाहिले तर फार थोडे. वर्षानुवर्षे रोज रस्त्यावर उभे राहून बोलले, पण त्यांच्या बोलण्याने ख्रिस्ती झालेली माणसे नाममात्र. आपले काम फसले असे त्यांना स्वतःलाही वाटे. ज्या कामासाठी मायदेश सोडला ते काम डोळ्यांना दिसेल असे झालेच नाही. तरी दुसऱ्या दिवशी ते पुन्हा त्याच रस्त्यावर जात. 1848 साली आलेला हा माणूस एकदाही मायदेशी परत गेला नाही. 5 फेब्रुवारी 1888 रोजी, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, मुंबईतच त्यांचा अंत झाला. चाळीस वर्षे एका शहरात, आणि मागे मालमत्ता म्हणावी असे काही नाही. हे प्रार्थनामंदिर त्यांच्या नावाने झाले ते लोकांच्या प्रेमामुळे.

भगिनींनो, हे ऐकताना मला माझी लाज वाटली. का ते सांगते. गेली सहा वर्षे आपल्या मंडळाचा साक्षरतेचा वर्ग माझ्या पडवीत भरतो, हे तुम्हाला माहीत आहेच. सुरुवातीला चौदा बायका होत्या. लावणीला निम्म्या गेल्या, झोडणीला उरलेल्या गेल्या, काही वीटभट्टीवर बिऱ्हाड घेऊन गेल्या. सहा वर्षांत धड वाचायला शिकल्या त्या दोघीजणी. या दिवाळीनंतर वर्ग बंद करावा असे मी ठरवले होते आणि सचिवबाईंना तसे सांगायचेही ठरले होते. ही बारा-चौदा जणींची पडवी कोठे आणि तो माणूस कोठे, बरोबरी करायची नाही. पण रोज उठून न दिसणारे काम करायचे कसे, हे मला त्यांच्याकडून कळले. आपण तरी आयुष्यभर दुसरे काय करतो? सारवलेले अंगण संध्याकाळपर्यंत तुडवले जाते. केलेला स्वयंपाक तासाभरात संपतो. उद्या पुन्हा सारवायचे, पुन्हा चूल पेटवायची. कोणी हिशेब मांडला तर शिल्लक शून्य. पण त्या शून्यावरच घर उभे असते.

मी वर्ग बंद केला नाही. गेल्या सोमवारी तिघी आल्या. त्यांतल्या एका आजीबाईंनी पाटीवर आपले नाव काढले. शेवटचे अक्षर उलटे आले, पण नाव त्यांचेच होते.

पुढच्या सहलीला लाँचची वेळ होईपर्यंत त्या गल्लीत पुन्हा जाऊ. आता मावशींनी विचारले तर सांगता येईल. त्या आजीबाई बरोबर असल्या तर तोवर मुंबईतल्या मराठी पाट्या त्या स्वतःच वाचतील अशी आशा आहे. लिहिण्यात चूकभूल झाली असेल ती सांभाळून घ्यावी. आपल्या मंडळाला आईजगदंबा उदंड आयुष्य देवो, एवढे मागून लेख पुरा करते.